रोगणाची चकाकी आणि अजिंठ्याचीं चित्रें

पूर्वीं जो रानमुलूख एकट्या चांदा जिल्ह्यांत मोडत असे आणि १९८२ सालापासून चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत वांटला गेला, त्यांत पळसाला तोटा नाहीं. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक अगदीं बारीक किडा वस्ती करितो, झाडाचा रस पितो आणि स्वतःच्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच रचतो. तीच लाख. पळसाबोरांवरील पिकाला रंगीनी आणि कुसुमावरील पिकाला कुसमी म्हणतात. पहिलें वैशाखांत व कार्तिकांत, दुसरें अगहनांत व ज्येष्ठांत हातीं येतें. म्हणून वैशाखी, कातकी, अगहनी, जेठवी अशीं त्यांचीं नांवें पडलीं आहेत. डहाळ्यांवरून खरवडलेली लाख धुऊन ती लांब कापडी पिशवींत भरतात, विस्तवापुढें धरून पिळतात, आणि पाझरलेला गरम रस ताणून त्याचा पातळ पापड करितात. हा चपडा. चपडा स्पिरिटांत विरघळविला कीं सुताराचें पॉलिश तयार होतें. ऐकणारांपैकीं कित्येकांच्या घरांतील जुन्या शिसवी खुर्चीवर जी तुकतुकी आहे ती त्याचीच, आणि माळ्यावर पडलेल्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही बव्हंशीं त्याच्याच.

एका क्षुद्र किड्याच्या या स्रावाचा अजिंठ्याच्या चित्रांच्या इतिहासाशीं काय संबंध, असें कोणासही वाटेल. संबंध आहे, आणि तो फारसा सुखद नाहीं. चांद्याच्या मुलखाचें अजिंठ्याशीं जुनें नातें वेगळेंच आहे. नागभीड तालुक्यांतील देवटेक येथें पहिल्या रुद्रसेन वाकाटकाचा शिलालेख सांपडला. त्याच वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, येथील शाखेंतील हरिषेण राजाच्या वराहदेव नांवाच्या मंत्र्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें खोदविलें. तें नातें राजघराण्याचें. येथें सांगावयाची हकीकत मात्र चकाकीची आहे.

अजिंठ्याच्या मूळ चित्रांना चकाकी नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. खडबडीत खडकावर माती, भुसा, तंतू आणि बारीक खडी यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर सरसासारख्या बांधणींत कालविलेले रंग, अशी तेथील रीत होती. ओल्या चुन्यावर रंगविण्याची युरोपांतील खरी फ्रेस्को पद्धति ती नव्हे, जरी इंग्रजी पुस्तकांनीं तो शब्द रूढ केला आहे. रंगही साधेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी, आणि उत्तरकालीन लेण्यांत दूरदेशाहून आलेला लाजवर्दी निळा. अशा भिंतीवर पडलेला प्रकाश चहूंकडे सारखा विखुरतो. पाहणारा कोठेंही उभा राहिला तरी चित्र दिसतें. लेण्याच्या दाराशीं पांढरें कापड किंवा आरसा धरून सूर्याचा कवडसा आंत फेंकण्याची जी युक्ति वाटाडे करीत, ती या निस्तेज पृष्ठामुळेंच साधत असे.

चित्रावर रोगण चढलें कीं हें सर्व पालटतें. गुळगुळीत रोगणावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें शेंकडा ४ भाग आरशांतून परतावा तसा परत येतो. चार हा आंकडा लहान दिसतो. परंतु काजळीचा काळा रंग स्वतः जेमतेम तेवढाच प्रकाश परत करितो. म्हणजे ज्या ठिकाणीं दिव्याचें प्रतिबिंब पडलें तेथील सावल्या, केंस, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळें पांढऱ्या धुक्यांत बुडून जातें. माणसाचा डोळा यावर उपाय करितो: मान किंचित् वळवितो, दोन पावलें सरकतो, आणि मन त्या दोन दर्शनांचें एक चित्र जुळवितें. कॅमेऱ्याला मान नाहीं. तो एका जागेवरून जें दिसेल तेंच कांचेवर उतरवितो, चकाकीसकट.

स्टुडिओंतील सपाट तैलचित्राच्या बाबतींत फोटोग्राफरांनीं लवकरच तोड काढली. दिवे समोर न ठेवतां दोन्ही बाजूंस सुमारें ४५ अंशांच्या कोनांत ठेवावयाचे, म्हणजे परतणारा झोत भिंगाच्या वाटेस न येतां बाजूनें निघून जातो. कॅमेऱ्याच्या पितळी भागांवर व खुद्द फोटोग्राफरच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळें कापड टाकावयाचें, नाहींतर त्यांचेंच प्रतिबिंब चित्रांत येतें. पण ही युक्ति सपाट कापडापुरती. लेण्याची भिंत फुगलेली, खचलेली, टवके उडालेली. तिच्यावर रोगण असेल तर तिचा प्रत्येक उंचवटा आपला स्वतंत्र कोन घेऊन बसतो, आणि दिवा कोठेंही ठेवला तरी शेंकडों ठिपके चमकतातच.

मग निस्तेज भिंतीवर कोणीं कशाला रोगण चढविलें? याचें उत्तर नदीच्या पात्रांत मिळतें. कोरडा गोटा फिकट दिसतो. तोच पाण्यांत बुडविला कीं त्यांतील लाल-हिरवे पट्टे उमटून येतात. खडबडीत पृष्ठावर विखुरणारा पांढरा प्रकाश पाण्यानें थांबतो, म्हणून आंतला रंग गडद होतो. रोगण म्हणजे न वाळणारें पाणी. धुरानें व वटवाघळांच्या घाणीनें मळलेल्या चित्राची नक्कल करूं पाहणाऱ्याला तें एक वरदानच वाटणार.

नकलांचा इतिहास मोठा दुर्दैवी आहे. १८१९ सालीं एप्रिलच्या २८ तारखेस मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं आणि त्यानें दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलें नांव कोरून ठेवलें. पुढें १८४३ सालीं फर्ग्युसननें या चित्रांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि कंपनी सरकारनें मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यास १८४४ सालीं नकला करण्यास पाठविलें. गिलनें जवळजवळ वीस वर्षें अजिंठ्यास काढलीं. कापडावर तैलरंगांत, मूळ आकाराच्या त्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरांत आग लागून बहुतेक जळाल्या. चारपांच काय त्या वांचल्या. जळालेल्यांपैकीं कांहींचें रूप १८५६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकांतील लहान लाकडी ठशांत तेवढें शिल्लक आहे. मूळ भिंतीवर दोन हात रुंद असलेली आकृति ठशांत अंगठ्याएवढी, आणि रंगाचें तर नांवच नाहीं.

त्याच गिलनें कॅमेराही चालविला होता. त्यानें घेतलेल्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें १८६४ सालीं लंडनला निघालीं. त्यांत खांब, स्तूप, दर्शनी कमानी सुरेख उतरल्या आहेत. भित्तिचित्रांची मात्र त्यांत उणीव आहे. कारण त्या वेळची ओली कोलोडियन कांच फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला ओळखीत असे. तांबडा व पिवळा तिच्या लेखीं काळोखच. गेरूनें रंगविलेली दासी तिच्यावर काळी ठिक्कर येई, आणि लाजवर्दी आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें. ज्या चित्रांचा जीवच गेरू आणि पिवळ्या मातींत, त्यांच्यापुढें असा कॅमेरा निम्मा आंधळा. मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान् तिच्यांत होते. साधनाचें ज्ञान येथें नव्हतें असें नव्हे. साधनच अपुरें होतें.

म्हणून पुन्हां कुंचला. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिंवाळ्यांत अजिंठ्यास जात असे. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील पुढें प्रसिद्धीस आलेले चित्रकार. सुमारें ३०० नकला झाल्या. मळलेलें चित्र स्पष्ट दिसावें म्हणून या मंडळींनीं मूळ भिंतींवर ठिकठिकाणीं हलक्या प्रतीचें रोगण फिरविलें, असें मानलें जातें. त्या दिवसापुरतें चित्र ओल्या गोट्यासारखें उजळलें असेल. नंतर तें रोगण पिवळें पडलें आणि त्यावर धूळ बसली. नकलाही सुरक्षित राहिल्या नाहींत. १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंगटन येथील आगींत शंभरांहून अधिक जळाल्या. एकाच चित्रमालिकेच्या नशिबीं वीस वर्षांत दोन वेळां अग्नि यावा, हें विलक्षणच. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचे दोन भव्य ग्रंथ १८९६-९७ सालीं प्रसिद्ध झाले. रंगीत शिळाछापाच्या कामांत नांवाजलेल्या ग्रिग्जनें ते काढले. म्हणजे वाचकाच्या हातीं पडलें तें भिंतीचें तैलरंगी चित्र, त्याचें छायाचित्र, त्यावरून दगडावर उतरविलेला ठसा. तीन हातांतून गेलेली गोष्ट.

तैलचित्राचें छापील चित्र कसें करावें हा प्रश्न त्याच सुमारास मुंबईंत एका निराळ्या कारखान्यांतही सुटत होता, आणि तोही सांगितल्यावांचून राहवत नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं गिरगांवांत छापखाना घातला; तो पुढें मळवलीस गेला. तेथील जर्मन कारागीर मूळ तैलचित्र समोर ठेवून प्रत्येक रंगासाठीं वेगळी शिळा हातानें रेखीत. कारागिराचा डोळा चकाकी आपोआप वगळीत असल्यामुळें ठशांत ती येतच नसे. मग गंमत अशी कीं, छापून झाल्यावर त्याच चित्रावर मुद्दाम रोगण चढवीत आणि कापडाचा पोत उठवीत, कीं तें अस्सल तैलचित्र वाटावें! महाराष्ट्रांतील देवघरांच्या भिंतींवर ज्या लक्ष्मी-सरस्वती कित्येक पिढ्या झळकल्या, त्यांची झळाळी ही अशी मागाहून लावलेली.

या दोन जगांना जोडणारा मनुष्य म्हणजे दादासाहेब फाळके. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले, पुराणवस्तु खात्यांत काम केलेले, ठसे कोरण्याच्या कलेंत प्रवीण. त्यांनीं लोणावळ्यास छापखाना घातला, रविवर्मा प्रेसचीं कामें केलीं, आणि १९०९ सालीं रंगीत मुद्रणाचीं यंत्रें आणण्याकरितां जर्मनीस जाऊन आले. लोक त्यांना सिनेमावाले म्हणून स्मरतात, तें योग्यच. परंतु रंगीत चित्र तीन कांचांवर वेगवेगळें उतरवून तीन शाईंनीं पुन्हां एकत्र आणण्याची विद्या महाराष्ट्रांत रुजविणारांत त्यांची गणना व्हावयास हवी. बाजारांत १९०६ पासून सर्व रंगांना जागी असणारी कांच मिळूं लागली होती. आतां गेरू काळा येण्याचें कारण राहिलें नव्हतें.

यानंतर लेडी हेरिंगहॅमचा १९०९ ते १९११ मधील उद्योग होतो. नंदलाल बोस, असित हालदार यांच्यासारखे बंगाली तरुण आणि निजामाच्या राज्यांतील चित्रकार यांनीं केलेल्या त्या नकला १९१५ सालीं ग्रंथरूपानें निघाल्या. पण आतां विद्वानांना नक्कल पुरेशी वाटेना. नकलेंत नक्कल करणाराचा हात येतोच. बंगाली हात लवचिक, इंग्रजी हात कसदार. भिंत स्वतः काय म्हणते तें पाहावयाचें तर छायाचित्रच हवें.

अजिंठा निजामाच्या मुलखांत. १९१४ सालीं हैदराबादेस पुराणवस्तु खातें स्थापन झालें आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. गिलावा जागोजाग सुटत होता, हात लावला तर पापुद्रे खालीं येत. तेव्हां इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहायक कौंट ओर्सिनी यांस पाचारण करण्यांत आलें. १९२० ते १९२२ या काळांत दोन हिंवाळे त्यांनीं काम केलें. सुटलेला गिलावा त्यांनीं खडकाला पुन्हां बसविला, भेगांच्या कडा बांधून घेतल्या, कांहीं घाण काढली. हें काम त्यांनीं केलें नसतें तर आज दिसतात त्यांतील कित्येक आकृति जमिनीवर पडून माती झाल्या असत्या, हें कबूल केलेंच पाहिजे. पण रंग धरून राहावे म्हणून त्यांनीं वरून लाखेचा हात दिला. चपडा स्पिरिटांत विरघळविलेला, सुताराच्या डब्यांतला, तोच.

त्या काळच्या दृष्टीनें यांत कांहीं गैर नव्हतें. युरोपांतील चित्रशाळांत तैलचित्रांना रोगण देतातच, आणि रोगण जुनें झालें कीं काढून नवें देतात. पण लाखेचा स्वभाव निराळा. ताजी असतांना स्पिरिटानें ती सहज सुटते. वर्षें लोटलीं कीं हवेनें ती पालटते, गडद होते, आणि मग साध्या स्पिरिटाला दाद देत नाहीं. शिवाय ती आक्रसते. खुर्चीच्या कठीण शिसवी लांकडावर तिच्या आक्रसण्यानें कांहीं बिघडत नाहीं. भुशामातीच्या गिलाव्यावर बसलेल्या सरसाच्या रंगाला मात्र ती वर ओढते आणि पापुद्र्यासकट उचलते. तुळशीवृंदावनाला जें चालतें तें पुस्तकाच्या पानाला चालत नाहीं, इतकी साधी ही गोष्ट. परंतु ती कळावयास पन्नास वर्षें जावीं लागलीं.

या लाख दिलेल्या भिंतींसमोर आतां छायाचित्रकार उभा राहिला. यझदानी यांचा अजिंठ्यावरील महाग्रंथ १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ असा चार भागांत निघाला. छायाचित्रांच्या आधारें केलेल्या रंगीत व एकरंगी प्रतिकृति, असें त्याच्या नांवांतच म्हटलें आहे. छायाचित्रें ई. एल. व्हॅसी यांचीं. काळोखी मंडप, प्रकाश एकाच दाराचा, खांबांच्या रांगांमुळें मागें सरकण्यास जागा नाहीं, आणि भिंत तुकतुकीत. या चारही अडचणी एकदम आल्या असतां त्यांनीं जें साधलें तें पाहून आदरच वाटतो. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीचें मुख जगाच्या कानाकोपऱ्यांत ओळखीचें झालें तें मुख्यतः अशा छायाचित्रांवरील मुद्रणामुळें. एका मुद्द्यावर मात्र कॅमेऱ्याचा इलाज नव्हता. चकाकी कोन बदलून टाळतां येते. पिवळेपण टाळतां येत नाहीं. पिवळा थर निळ्या प्रकाशाला गिळतो. त्याखालील पांढरा मोत्यांचा सर मधाच्या रंगाचा दिसतो, लाजवर्दी निळा हिरवट होतो, हिरवी माती तपकिरीकडे झुकते. प्रामाणिक छायाचित्र प्रामाणिकपणें तेंच सांगतें. अजिंठ्याच्या चित्रांतला तो ‘सोनेरी, गूढ’ प्रकाश, ज्याची रसिकांनीं इतकी स्तुति केली, तो कांहीं अंशीं तरी वाकाटक चित्रकारांचा नसून पळसावरच्या किड्याचा होता.

चकाकीवरचा नेमका इलाज १९३० नंतरच्या दशकांत मिळाला. अमेरिकेंतील एडविन लँड यानें प्रकाशाच्या कंपनांची एकच दिशा पुढें जाऊं देणारा पारदर्शक पडदा स्वस्तांत तयार केला. असा एक पडदा दिव्यावर व दुसरा भिंगावर आडवा फिरवून लावला, म्हणजे रोगणावरून परतलेला झोत आपली दिशा न सोडल्यामुळें भिंगाशीं अडतो. रंगाच्या कणांत शिरून विखुरलेला प्रकाश आपली दिशा विसरलेला असतो, म्हणून तो आंत येतो. ओबडधोबड भिंतीवरही ही युक्ति चालते, कारण तींत कोनाचा हिशेब नाहीं. आज कोठल्याही संग्रहालयांत तकतकीत तैलचित्राचा छापण्याजोगा फोटो घ्यावयाचा तर हीच रीत वापरतात. तिचा एक दोष कुशल मुद्रक सांगतात: चकाकी संपूर्ण मारली कीं तैलचित्राचा कुंचल्याचा उठावही सपाट होतो, आणि चित्र छापील ओलिओग्राफासारखें निर्जीव दिसूं लागतें. म्हणून थोडी चकाकी ते जाणून ठेवतात. लेण्याच्या भिंतीला ही अडचण नाहीं. तिची चकाकी मुळांत तिची नव्हेच.

स्वातंत्र्यानंतर लेणीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यांत आलीं. १९५४ सालीं युनेस्कोनें रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ काढला आणि त्यास पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. १९९० नंतर बिनॉय बहल यांनीं झगझगीत दिवे न लावतां, अत्यंत मंद प्रकाशांत भिंग पुष्कळ वेळ उघडें ठेवून छायाचित्रें घेतलीं. त्यांचें पुस्तक १९९८ चें. मंद प्रकाशाचे दोन लाभ झाले: चकाकणारे ठिपके सौम्य झाले आणि रंगांना तापही लागला नाहीं. आतां लेण्यांत प्रेक्षकांस झोताचा दिवा उडविण्यास मनाई आहे, ती याच दुसऱ्या कारणासाठीं.

मूळ दुखण्यावरचा उपाय मात्र रसायनशास्त्रज्ञांचा. जुनी लाख आणि तिच्यांत रुतलेली काजळी काढण्याचें काम पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या माणसांनीं हातीं घेतलें, आणि १९९९ पासून नवव्या व दहाव्या लेण्यांतील भिंतींवर तें विशेष झालें. बोटाच्या पेराएवढा कापसाचा बोळा, मोजकें द्रावण, आणि एका दिवसांत तळहाताएवढी जागा, असें हें काम. घाई केली तर लाखेबरोबर रंगही येतो. या सफाईवर टीका करणारे जाणकारही आहेत, आणि त्यांची भीति अगदींच निराधार नाहीं. तथापि, काळ्या थराखालून जें बाहेर आलें तें दोन हजार वर्षांमागील मुलूख दाखविणारें होतें: मिरवणुकी, राजा, स्त्रिया, हत्ती. हरिषेणाच्याही शेंकडों वर्षें आधींचे ते हात.

ज्या खांबावर स्मिथनें आपलें नांव कोरलें तो याच दहाव्या लेण्यांतला. यझदानींच्या खंडांतील पान आणि सफाई झालेली भिंत यांची आतां कोणी तुलना केली तर पानावरचा रंग अधिक पिवळा आढळतो. पान दुरुस्त करतां येत नाहीं. हैदराबाद, मुंबई, लंडन येथील ग्रंथालयांत तें जसें छापलें गेलें तसेंच राहिलें आहे, आणि लाखेच्या थराखालून अजिंठा कसा दिसत होता याची तीच आतां नोंद आहे.